वाचून पुढं दे

वाचलेला कागद तुम्ही शेवटचा कधी कुणाच्या हातात दिलात? फोनवरून ढकललात ते नाही विचारत. हातात, समोर उभं राहून?

माझी आई आयुष्यभर हेच करत आली, म्हणून विचारते. नाशिकमधली आमची दोन खोल्यांची जागा पत्रकांच्या गठ्ठ्यांनी भरलेली असायची. पाण्याचं पत्रक, रेशनचं पत्रक, निफाडकडच्या द्राक्षबागांत औषध फवारणाऱ्यांना हातमोजे मिळालेच पाहिजेत याचं पत्रक. बाराखडी मी त्यांच्या कोऱ्या पाठीवर गिरवली आणि वाचायला शिकले ते त्यांच्या मजकुरावर. मला नीट वाचता आलेला पहिला जोडाक्षरी शब्द 'धिक्कार' होता. शाळेत बाई पोट धरून हसल्या होत्या.

पत्रक कशाचंही असो, शेवटची ओळ ठरलेली: 'वाचून पुढं दे.' छापखान्यातले काका दर वेळी 'दे'चं 'द्या' करून ठेवायचे आणि आई दर वेळी ते खोडायची.

"ताई, लोक चिडतील हो."

"चिडू देत. घरातल्या माणसाला कुणी द्या म्हणतं का?"

वाटायची रीतही तिचीच. हरसूलच्या बाजारात ती एखाद्या बाईपुढे कागद धरायची आणि बाईने पकडला तरी सोडायची नाही. दोघींच्या हातात एकच कागद, आणि मग बोलणं.

"मला वाचता नाय येत."

"मग ज्याला येतं त्याला दे. तो वाचेल, तू ऐक. ऐकून झालं की त्याला सांग, आता पुढं दे."

"लय कामं सांगती बया तू!"

बाई हसून मान हलवायची. मान हलली की मगच आईची बोटं सैल व्हायची. कागद पकडला म्हणजे घेतला असं नाही, असं ती म्हणायची.

आई जाऊन वर्ष झालं. तिचं शेवटचं पत्रक हरसूलजवळच्या एका पाड्यावरच्या शाळेसाठी होतं. पटावर मुलं कमी म्हणून ती शाळा बंद करायची आणि मुलांना ओढ्यापलीकडच्या शाळेत घालायचं, असं चाललं आहे. पावसाळ्यात तो ओढा मोठी माणसंही ओलांडत नाहीत. यंदा उन्हाळ्यात बाहेरून काही माणसं पाहणीला येणार आणि त्यांना मराठी येत नाही, असं कळलं. तेव्हा आईबरोबर सगळे बाजार फिरलेली पाड्यावरची मावशी माझ्याकडे आली. तिने पत्रक माझ्यापुढे धरलं. "इंग्रजीत कर. सगळा कर. शेवटचं पण."

मजकूर झाला. शेवटची ओळ अडली.

ती घेऊन मी देवळाली कॅम्पला मैत्रिणीकडे गेले. तिचे वडील फौजेत होते, ती सात गावच्या शाळांत इंग्रजी शिकली आणि आता इंग्रजीच शिकवते. तिने पोहे केले, आणि आम्ही शब्द निवडायला बसलो.

"फॉरवर्ड," ती म्हणाली.

"अजिबात नाही. फॉरवर्ड न वाचताच करतात."

"ट्रान्सफर?"

"ती तहसीलदाराची होते."

"ट्रान्समिट?"

"त्याने रोगराई पसरते."

"बाई गं! मग हँड ओव्हर?"

इथे मी थबकले, कारण यात हात होता. पण पोलिसांकडे चोर हँड ओव्हर करतात, आणि ओव्हर म्हणजे खेळ खलास. आईच्या ओळीत काहीच संपत नव्हतं. शेवटी मीच लिहिलं, 'रीड अँड पास ऑन.' छोटं आणि ठसठशीत. मैत्रिणीला पोह्यांचा ठसका लागला.

"वाचा आणि मरा?"

"काय?"

"अगं, पास ऑन म्हणजे जाणं. वारणं. मध्ये 'इट' घातलं नाहीस तर साहेबलोक वाचतील आणि तिथेच आडवे होतील."

"शाळा बंद करणाऱ्यांनाच द्यायचंय ना? मग राहू दे."

आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. आई गेली तेव्हा मैत्रिणीने स्वतःच्या ओळखीच्यांना इंग्रजीत हेच शब्द लिहून कळवलं होतं, आणि मी तिच्यावर भडकले होते. मेली म्हण ना सरळ! गुळगुळीत शब्दांचा मला राग आहे, अजूनही आहे. पण त्या दुपारी मी त्या शब्दांकडे नुसती बघत राहिले. पुढं गेली. दवाखान्यात शेवटी तिचा हात माझ्या हातात होता. समोरच्याने मान हलवल्याशिवाय तिने कधी काही सोडलं नव्हतं. मी तर मान हलवली नव्हती.

मैत्रिणीने कागद स्वतःकडे ओढला आणि हळू आवाजात म्हणाली, "हँड इट ऑन. हात आहे बघ त्यात. आणि ऑन म्हणजे चालू."

तेच ठेवलं. 'रीड इट. हँड इट ऑन.' इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, त्यामुळे कुणी काही खोडायचा प्रश्न आला नाही. काकांनी मुकाट्याने छापून दिलं. ते भांडण तेवढं इंग्रजीत गेलं नाही, आणि मला आज सगळ्यात जास्त तेच ऐकावंसं वाटतं.

पाहणीची माणसं बाजाराच्या दिवशी आली. मावशीने त्यांच्यातल्या एका बाईंपुढे कागद धरला. त्या थँक्यू म्हणाल्या आणि कागद फाइलमध्ये घालायला निघाल्या, पण कागद येईना. मावशीने सोडलाच नव्हता.

"आधी वाच म्हणावं," मावशी मला म्हणाली. मी सांगितलं. बाई गोंधळल्या, मग हसल्या आणि तिथेच, मिरच्यांच्या ढिगाशेजारी उभ्या राहून वाचू लागल्या. मला मावशीचा हात दिसत होता, आणि मी त्यामागे दुसराच चेहरा शोधत होते. शेवटची ओळ वाचून बाईंनी वर पाहिलं आणि मान हलवली. मावशीची बोटं सैल झाली. बाई गाडीपाशी गेल्या आणि आत बसून राहिलेल्या सोबत्याच्या हातात त्यांनी तो कागद दिला.

"गेला गं पुढं!" मावशी ओरडली.

शाळेचं अजून ठरलेलं नाही. जून जवळ येतोय आणि ओढा तिथेच आहे.

आतापर्यंत तुम्हाला तुम्ही म्हणाले. आता आईसारखं बोलते. या पानाचा फोटो काढून पाठवू नकोस. पानच घे आणि कुणाच्या तरी पुढे धर, त्या शाळेचं सांग. त्याने पकडलं तरी लगेच सोडू नकोस. त्याची मान हलू दे, मग बोटं सैल कर.