लॉरेटा साबोलने फेकलेली खुर्ची

पिट्सबर्गच्या एका मोठ्या इस्पितळात लॉरेटा साबोल पंपापाशी बसते. हृदय थकलेल्या माणसाचं रक्त नळीने बाहेर काढायचं, त्यात प्राणवायू भरायचा आणि परत आत ढकलायचं, हे पंपाचं काम. पंपावर नजर ठेवणं लॉरेटाचं. विजेरी घेऊन ती नळ्यांचा एकेक सांधा वाकून बघते. काळा ठिपका दिसला की समजायचं, गुठळी. गुडघे कुरकुरतात, पण सांधा सुटत नाही. बाप पोलादाच्या भट्टीवर होता. अर्धवट काम त्याला खपत नसे. जीभ मात्र तिने आईची घेतली. त्या आईला अख्खी गल्ली टरकून असे.

त्या फेब्रुवारीत तिच्याकडे रीजिस कुझ्मा आला. नळकाम करणारा मिस्तरी. घरासमोरचा बर्फ उपसून गाडीपुरती जागा केली, ती राखायला तिथं खुर्ची ठेवली आणि छाती धरून आडवा झाला. आता शुद्धीवर होता, पण रुसलेला. पंप चोख चालला होता, त्याच्याच जोरावर तो जगत होता; पण हृदय इतकं मलूल की त्याची झडपच उघडेना. पडद्यावर नाडीची रेघ सपाट. रक्त आत साचून राहिलं की विरजण लागल्यासारखं गोठतं, आणि तिथं विजेरी पोचत नाही.

डॉक्टर फेल्डमनबाईंनी हृदयाला जोर देणारं औषध वाढवलं, पंपाचा वेग जरा उतरवला. म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत झडप उघडली नाही, तर हृदयात आणखी एक नळी घालावी लागेल."

"घाला, नाहीतर सोडून द्या. मला काय!" रीजिसने भिंतीकडे तोंड केलं.

हे 'मला काय' लॉरेटाला खटकलं. खुर्चीचं तिला त्याच्या बायकोकडून कळलं होतं. शेतात कसेल त्याची जमीन, तशी या गावात उपसेल त्याची जागा. तिथली मोडकी खुर्ची हलवायची पोलिसांचीही छाती नाही.

"काय मिस्तरी, हिरवी खुर्ची तुमचीच होती का हो?"

"होती म्हणजे?"

"आता कुंपणापलीकडे पडलीय. तिथं गाडी उभी आहे."

"कुणाची?"

"माझी."

रीजिसचे कान लाल झाले. "अगं बाई, ती जागा उपसताना मरत होतो मी!"

"म्हणूनच म्हटलं, तुम्हाला आता कशाला लागतेय? उपसलीय मात्र झकास. पार कडेपर्यंत."

"गाडी काढ आधी!"

"तुम्हीच येऊन काढा."

रेघेवर एक टेकाड उठलं. मग दुसरं. फेल्डमनबाईंनी यंत्र लावून छातीत पाहिलं. झडप उघडत होती, आत गुठळी नव्हती.

"औषध लागू पडलं," त्या म्हणाल्या. "आणि तू काय बडबडत होतीस?"

"हवापाणी," लॉरेटा म्हणाली.

नळी टळली. रीजिसने भिंतीचा नाद सोडला आणि व्यायामवाल्याला स्वतःहून हाक मारली, "मला लवकर चालता कर बाबा. एका बाईची गाडी ओढून काढायचीय."

लॉरेटाने जन्मात गाडी घेतली नाही. ती बसने येते.

"या की," ती म्हणाली, "वाट बघते."