आईच्या आजारासोबत बारा दिवस

नागपूर स्टेशनवर गाडी थोडाच वेळ थांबते. तेवढ्या वेळात बाबांनी मला घराची किल्ली, आईची फाईल आणि गोळ्यांची वही खिडकीतून दिली. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेत. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी ते काकांकडे नागपूरला आले होते, आणि मी पुण्याहून रायपूरला त्यांच्या जागी निघाले होते. आईला अकरा वर्षांपासून ल्युपस आहे. या आजारात शरीर स्वतःलाच परकं समजतं आणि सांध्यांवर, कातडीवर, मूत्रपिंडावर, मिळेल त्यावर तुटून पडतं. हे वाक्य मी इतक्यांदा इतक्या जणांना सांगितलंय की मला ते समजलंय असं मलाही वाटू लागलं होतं.

"ऐक बेटा," बाबा गाडीबरोबर दोन पावलं चालत म्हणाले, "बाकी सारं वहीत आहे. सकाळची पांढरी गोळी नाश्त्यावर दे. ती चुकवायची नाई."

पुढे दुर्ग गेलं, भिलाई गेलं. मी वही उघडली. बाबांच्या बारीक अक्षरात अकरा वर्षं होती. 'ताप. कारण नाही.' 'आज चालली.' 'डोळेवाल्या डॉक्टरनं गोळी बंद करा म्हटलं, सांधेवाल्यानं चालू ठेवा म्हटलं.' चार पानं वाचून मी वही मिटली.

रायपूर स्टेशनवरून ऑटोवाल्याला तेलीबांधा सांगितलं. "हव दीदी," तो म्हणाला. हव म्हणजे हो. माझं शाळकरी वय याच शहरात गेलं, पण आता दर खेपेला एखादा उड्डाणपूल नवा असतो आणि मी चुकीच्या वळणाकडे बोट दाखवते.

शेजारच्या दीदी आदल्या रात्री आईसोबत होत्या. पण दार आईनंच उघडलं, आणि मी खूश झाले. मागच्या खेपेला तिचा चेहरा गोळ्यांनी सुजून गोल झाला होता, डोळे बारीक झाले होते. आता गालांची हाडं दिसत होती. फोटोत असते तशी, शाळेत शिकवायची तेव्हाची आई.

"किती छान दिसतेस गं," मी म्हणाले.

"दिसून राहिली ना?" आई हसली. "ये, आत ये. चीला केला आहे." तांदळाच्या पिठाचं पातळ धिरडं, सोबत टोमॅटोची चटणी. तिनं स्वतः मात्र अर्धाच खाल्ला.

पहिले दोन दिवस बरे गेले. ऊन तिला चालत नाही, म्हणून आम्ही ते उतरल्यावर घराजवळच्या तलावाला अर्धी फेरी मारायचो. तिसऱ्या दिवसापासून मला काही कळेनासं झालं. सकाळी तिला चहाचा कप धरवेना आणि दुपारी तिनं बसून मेथी निवडली. संध्याकाळी उलटी झाली. दुसऱ्या दिवशी मी डाळ पातळ केली म्हणून ती माझ्याशी बोलली नाही, मग जवळ येऊन केसांत तेल घालू का विचारलं. हा आजार, की औषध, की वय, की मी आल्यामुळे मोडलेली घराची घडी? बाबांना फोन केला. ते म्हणाले, "असं होते कधी कधी." दीदी म्हणाल्या, "मौसम बदल रहा है ना." आई म्हणाली, "मले काही झालं नाई. तू काहून पोलिसासारखी पाहून राहिली?"

मी पांढरी गोळी तिच्या हातावर ठेवत होते, पाणी देत होते आणि वहीत खूण करत होते. यापलीकडे काय करायचं असतं, ते मला ठाऊक नव्हतं.

सातव्या दिवशी ती सकाळीच साडी नेसून बसली. "अभनपूरले जाऊ."

अभनपूर रायपूरच्या दक्षिणेला तासाभरावर आहे. तिथल्या सरकारी शाळेत तिनं एकोणीस वर्षं गणित शिकवलं. एका सोमवारी हातातला खडू सुटला, मग दुसरा सुटला, आणि ती घरी आली ती परत गेलीच नाही. निरोप झाला नाही. कपाटातली तिची पुस्तकं कुणीतरी पोत्यात भरून पाठवली होती.

जावं की जाऊ नये? तिला फार दिवसांनी काहीतरी हवं आहे, असं चेहऱ्यावर दिसत होतं. मी टॅक्सी बोलावली.

शहर संपलं तशी धानाची कापलेली शेतं लागली. फेब्रुवारीचं ऊन होतं. आई पूर्ण बाह्यांचं ब्लाउज, डोक्यावर स्कार्फ आणि हातात छत्री अशा थाटात मागच्या सीटवर बसली होती. ड्रायव्हर भैया अभनपूरचाच निघाला. त्याचा पारा (वस्ती) शाळेच्या मागेच होता. "मैडम, आपने मेरी बहन को पढ़ाया है," तो म्हणाला. आईनं तिचं नाव विचारलं आणि लगेच सांगितलं, "भागाकारात शून्य विसरायची." भैया इतका हसला की गाडी हळू करावी लागली. मीही हसले. ही बाई आजारी आहे हे मी तेव्हा खरोखर विसरले होते.

बाजारात तिनं तिवरा भाजी घेतली (आपल्या विदर्भातली लाखोळीची कोवळी पानं) आणि मला गरम फरा खायला लावला. फरा म्हणजे तांदळाचे उकडलेले लांबट मुटके, वरून तिळाची फोडणी. ती काही खाईना. शाळेचं फाटक उघडं होतं, सुट्टी असल्यानं व्हरांडा मोकळा. ती तिसऱ्या वर्गाच्या दारापर्यंत गेली, आत पाहिलं आणि म्हणाली, "फळा दुसरा लावला यांनी." मग भिंतीला हात लावला आणि तशीच खाली बसत गेली.

तिचे ओठ पांढरे पडले होते. अंग गार होतं, कपाळावर घाम. मी तिचं नाव घेऊन हाका मारत होते; आई म्हणायचं सुचलंच नाही. भैया धावत आला. त्यानं तिला लेकरासारखं उचललं आणि दोन गल्ल्या पलीकडच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या तरुण डॉक्टर बाईंनी रक्तदाब मोजला आणि पुन्हा मोजला. "कौन सी दवा चल रही है?"

मी वही काढून घडाघडा वाचलं. पांढरी गोळी म्हणजे स्टेरॉइड आहे, रोज देते, माझ्या हातानं देते. डॉक्टर माझं बोलणं अर्ध्यावर थांबवून आईवर वाकल्या. "माँजी, गोली खा रही हैं ना?"

आईनं डोळे मिटूनच मान हलवली. नाही.

"कब से?"

"ये आई तब से," ती माझ्याकडे बोट करून म्हणाली. "उसके पहले आधी."

डॉक्टरांनी इंजेक्शन भरलं, सलाईन लावलं, आणि हात चालू असतानाच मला समजावलं. वर्षानुवर्षं ही गोळी घेणाऱ्याचं शरीर स्वतःचं काम विसरतं. गोळी एकदम थांबवली की रक्तदाब कोसळतो. अजून उशीर झाला असता तर, एवढं बोलून त्या फोनकडे वळल्या. मग अँब्युलन्स सांगितली. रायपूरपर्यंत मी आईचा पाय धरून बसले होते, कारण दोन्ही हातांना सलाईन होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रायपूरच्या हॉस्पिटलात ती उशीला टेकून पेज पिण्याइतकी सावरली. तेव्हा मी विचारलं. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं, तरी चढला.

"कुठे टाकत होतीस गोळ्या?"

"मनीप्लांटच्या कुंडीत." ती खिडकीकडे पाहत होती. "मागच्या टायमाले तू आली, दार उघडलं, अन् तू माझ्याकडं पाहून बाबाले शोधून राहिली होती. तू मले ओळखलंच नाई, तुले वाटलं घरात दुसरं कोणी आहे."

मला ते आठवत नव्हतं. मग आठवलं. क्षणभरच झालं होतं. ते तिनं पाहिलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

"तुझं तिकीट निघालं तवापासून मी अर्धी केली. सूज उतरली. मग तू म्हणाली, छान दिसून राहिली. मग मी पुरीच बंद केली."

मी कौतुक केलं होतं, आणि माझ्याच कौतुकानं ती व्हरांड्यात कोसळली. आता तिची गोळी पुन्हा सुरू झाली, म्हणजे ती वाचेल, आणि चेहरा पुन्हा सुजेल. याला आनंद म्हणायचं की काय? मी तिच्या हातातली वाटी घेतली आणि म्हणाले, "मी चुकले गं."

"मीही," आई म्हणाली. "पेजेत मीठ नाई."

आई घरी आली, आणि बाराव्या दिवशी बाबा टाके सांभाळत परत आले. त्यांच्या ऑपरेशनमुळे फोनवर लपवलेलं सगळं त्यांना सांगितलं. ते पलंगावर तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "तू मले सांगायचं होतं. मी आरसाच काढून टाकला असता." आई म्हणाली, "आरशाचं काही नव्हतं." मी बॅग भरत राहिले.

परतीच्या गाडीत खिडकीबाहेर गोंदियाची तळी आली आणि गेली. बारा दिवस राहून आजार नीट समजून घेऊ, असं मनाशी ठरवून मी आले होते. नावं पाठ झाली, वेळा पाठ झाल्या. पण आई त्या आजाराबरोबर एकटीनं काय काय ठरवते, ते कुठल्या फाईलमध्ये नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

पुण्यात घरी पोचले तर नवऱ्यानं बॅग हातातून घेत विचारलं, "आई कशी आहेत?"

अकरा वर्षं या प्रश्नाला माझं एकच उत्तर असायचं, बरी आहे. ऑफिसात, लग्नकार्यात, फोनवर, सगळ्यांना तेच. मी चपला काढल्या, पाणी प्यायले, खुर्चीत बसले.

"माहीत नाही," मी म्हणाले. "बस, सांगते."