सुभद्रेचे हात

सुभद्रेचे हात गप्प बसत नाहीत, असं सर्जेकोटात सगळेच म्हणत. तिचा जन्म रापणीवर, किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर गेलेला. किनाऱ्यावरून होडीतल्या माणसाला जाळं सोड, थांब, ओढ असं सांगायचं तर लाटांपुढे घसा चालत नाही, हातच चालतात. सासू गोदूबाई म्हणायची, "हिचे हात बांधले तर ही मुकी होतली."

पाच वर्षांच्या लेकीशी, मथुरेशीही ती तशीच बोले. पोरीची बोली तुटक होती. दोन पावसाळे तिचे कान वाहत होते. गोदूबाई लसूण घालून कढवलेलं खोबरेल त्यात सोडायची नि सांगायची, "पोरांचे कान फुटतच. होतले बरे."

१९६१च्या माघात मुंबईहून डॉक्टरांची तुकडी आली. लहान मुलांचे कान का बिघडतात, त्यातली किती बहिरी होतात, याचा अभ्यास करायला ती गावोगावच्या शाळांत बसत होती. सुभद्रा मथुरेला न्हाऊ घालून, वेणीत अबोली माळून घेऊन गेली.

चटईवर सावंतवाडीची लाकडी खेळणी मांडली होती. होडी, मासा, केळं, आंबा, घोडा. पोर घाबरू नये म्हणून आईनं समोर बसायचं. डॉक्टरीणबाई मुलाच्या पाठीमागून हलक्या आवाजात नाव घेत, आणि मुलानं ती वस्तू उचलायची. ज्याला जमणार नाही त्याला आतल्या खोलीत नेऊन दिव्यानं कान तपासत.

मथुरेनं पाचही वस्तू उचलल्या, एकही न चुकता.

"छान. हिला काही झालेलं नाही," बाई म्हणाल्या आणि पुढच्या मुलाकडे वळल्या.

घरी येताना सुभद्रेचे पाय जमिनीला लागत नव्हते. दोन वर्षं उरात धरलेली भीती एका सकाळी उतरली होती. मथुरा चार पावलं पुढे, केतकीच्या पानांवर काठी मारत चाललेली. सुभद्रेनं सहज हाक मारली, "मथुरा."

पोर वळली नाही.

"गो मथुरा." कुंपणावरचा कावळा उडाला. मथुरा चालतच राहिली.

सुभद्रा वाळूत खाली बसली आणि तिनं आपले हात समोर धरून पाहिले. बाई "मासा" म्हणाल्या तेव्हा हा तळवा मांडीवर वळवळला होता. "आंबा" म्हणाल्या तेव्हा ही मूठ ओठांशी गेली होती. पाचही वेळा हात बोलले होते आणि तिला पत्ता नव्हता.

ती शाळेत धावली. परशुराम मास्तर चटया गुंडाळत होते.

"मास्तरांनु, ते खंय गेले?"

"तोंडवलेक. उद्या दुपारपर्यंत थंय, मगे मुंबयक. पण तुका कित्याक व्हये? ज्यांका आयकाक येणा नाय त्यांचीच नावां इस्पितळासाठी लिवन घेतली. तुझा चेडू तर पयला इला."

घरी नवऱ्यानं, विठोबानं, ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पास झाला तां बरा झाला. बहिरी म्हणून गावभर नाव लावतलंस तिका? उद्या लग्नाक कोण उभो रवात?"

"आणि काय आयकाकच येणा नाय तर?"

"आमची आजी काय आयकायची? जगलीच ना ती."

सकाळी पहिल्या होडीनं सुभद्रा खाडी उतरून तळाशीलला गेली आणि तिथून तोंडवलीपर्यंत वाळू तुडवत, पोरीला कधी हाताला तर कधी काखेला धरून. पोचली तेव्हा पेट्या बांधायला सुरुवात झाली होती.

"बाई, काल हिनं उचलूक नाय. मी सांगितलंय तिका. या हातांनी."

डॉक्टरीणबाईंना आधी कळेना. कळलं तेव्हा त्यांनी बांधलेली पेटी स्वतः सोडली. "तुम्ही बाहेर थांबा."

"भायर गेलंय तर ती रडतली. मी हात धरून बसतंय."

सुभद्रा समोर बसली. दोन्ही तळवे तिनं मांड्यांखाली घालून वर अंगाचा भार टाकला.

"मासा," बाई मागून म्हणाल्या.

मथुरेनं आईच्या मांडीकडे पाहिलं. मग खांद्याकडे, मग तोंडाकडे. बाई "होडी" म्हणाल्या, "आंबा" म्हणाल्या, आवाज चढवून "घोडा" म्हणाल्या. पोरीचा खालचा ओठ हलायला लागला. तिनं पुढे होऊन आईचं मनगट ओढलं. सुभद्रेनं ते सुटू दिलं नाही. सगळ्यांसमोर तिची पोर नापास झाली, आणि ती नापास व्हावी म्हणूनच सुभद्रा इतकी वाट चालून आली होती.

बाईंनी दिवा धरून दोन्ही कान पाहिले. "उजव्या कानाचा पडदा उरलेला नाही. डावा... मुंबईला घेऊन या. तो कान वाचेलच असं मी सांगत नाही." त्यांनी कालचा कागद काढून त्यावर आडवी रेघ मारली आणि नव्या यादीत नाव लिहिलं.

परतीच्या होडीत सुभद्रेनं तळवा वळवळवून दाखवला. पाण्यात बघ, मासा. मथुरेनं त्या हाताकडे पाहिलं, आणि आईकडे पाठ करून ती होडीच्या पुढच्या टोकाशी, नाळेशी जाऊन बसली.

पाठमोऱ्या मथुरेला हाक मारायची सोय नव्हती. तळाशीलपासून सर्जेकोटापर्यंत सुभद्रा हात मांडीवर ठेवून तिच्या वेणीतल्या कालच्या अबोलीकडे बघत राहिली.