कडीच्या आत कोण

आक्का आमच्या घरात चपला काढून यायच्या. घर म्हणजे स्टेशनमागच्या रस्त्याला, गोदामाच्या भिंतीला टेकून अंथरलेली दोन पोती आणि वर ताडपत्री. येणारेजाणारे त्या पोत्यांवर खुशाल पाय देऊन जात. आक्का मात्र कडेला थांबायच्या, चपला काढायच्या आणि विचारायच्या, "येऊ का गं आत?" पहिल्यांदा मला वाटलं, बाई थट्टा करतेय. मी पदर तोंडाला लावला. त्या उभ्याच राहिल्या. मी "या" म्हटल्यावरच बसल्या.

एकदा त्यांनी महापालिकेच्या कचेरीतल्या साहेबांना पाहणीला आणलं. साहेब बुटांसकट पोत्यावर आले, तशा आक्का म्हणाल्या, "साहेब, बूट. बाईनं आत्ताच झाडलंय." साहेबांनी बूट काढले. एका मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. माझी मुलगी फिसकन हसली, आणि मग साहेबही हसले.

यजमान अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरींच्या मागावर होते. शेड बंद पडली, भाड्याची खोली सुटली, आणि गावी वैरागला परत जावं तर तिथं आमचं काही उरलं नव्हतं. यजमान, मी, मुलगी आणि मिसरूड फुटू लागलेला मुलगा, असे चौघे त्या भिंतीपाशी आलो. थंडीत लोक गाडीतून चादरी वाटायला यायचे आणि फोटो काढून जायचे. यजमानांनी एकदा मिळालेली चादर उलटून पाहिली आणि म्हणाले, "आमच्याच शेडातली निघायची एखादी." आक्का तिथंच बसल्या होत्या. वाटणाऱ्यांना म्हणाल्या, "सोलापुरात चादर कसली वाटता, दादा? चला की माझ्यासंगट छप्पर मागायला." गाडी लगेच सुरू झाली.

आक्का मूळच्या दुधनीच्या. नर्सची नोकरी संपल्यावर त्यांनी एकच काम धरलं. या शहरात कुणी रस्त्यावर निजू नये, म्हणून कचेरीत जाऊन भांडायचं. दर सोमवारी जायच्या, आमच्यातल्या एकदोघींना बरोबर न्यायच्या. साहेब एकदा वैतागून म्हणाले, "आक्का, तुम्हाला इथंच एक टेबल टाकून देऊ का?"

"टेबल नगं, साहेब. छप्पर द्या. तेबी मला न्हाय, ह्यांना."

काम झालं नाही की बाहेर येऊन त्या कानडीत "इरली" म्हणायच्या. इरली म्हणजे असू दे. त्या असं म्हणाल्या की आम्ही समजायचो, पुढच्या सोमवारी परत यायचं आहे.

शेवटी बायकांसाठी निवारा मिळाला. मोठा हॉल, पंखे, न्हाणीघर, आणि दाराला आतून कडी. कडीसाठी आक्का फार भांडल्या होत्या. रस्त्यावरच्या बाईला रात्री काय काय सोसावं लागतं, हे त्यांनी दवाखान्यात पाहिलं होतं. नारळ फुटला, आम्ही आत गेलो. पहिल्या दिवशी मी दार लावून सावकाश आंघोळ केली. कितीतरी दिवसांनी.

पण यजमान बाहेर. मुलगाही बाहेर. तो बायकांत चालत नव्हता, आणि पुरुषांचा निवारा होता तिथं एवढ्या लहानाला घेत नव्हते. मग बापलेक भिंतीपाशीच निजू लागले. एक दिवस त्यांना तिथून हाकललं, आणि दोघं कुठं गेले ते मला दुसऱ्या दुपारपर्यंत कळलं नाही. सापडले तशी मी मुलीला घेऊन परत पोत्यावर आले. एकेक करून इतर बायकाही आल्या. हॉल रिकामा पडला. साहेब म्हणाले, "यांना रस्त्याचीच सवय झालीय. महिनाअखेरीला कुलूप घालतो, सामान तरी ठेवता येईल."

आक्का तरातरा आल्या. त्या दिवशी आत येऊ का म्हणून विचारलंसुद्धा नाही. "एवढं भांडून मिळवलं, अन् तू परत हितं? कशाला गं?"

मला बोलणं सुचत नाही. एवढंच म्हटलं, "आक्का, तुमी बायकांसाठी मागितलं. आमी चौघं हाव."

त्या पोत्यावर बसल्या. चुलीवर भाकरी होती, ती मी उलटली. मग त्या हळू म्हणाल्या, "चुकलं गं माझं. कडी मागितली. कडीच्या आत कोण कोण ऱ्हाणार, ते इचारलंच न्हाय."

सोमवारी मी बरोबर होते. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या एक बाई जिन्यावर त्यांना समजावत होत्या, चूक कबूल करू नका, हातातला हॉलही जाईल. आक्का आत गेल्या आणि म्हणाल्या, "साहेब, ही माणसं चुकली न्हाईत. मागणी चुकली. ती माझी हुती."

साहेब पेन खाली ठेवून म्हणाले, "मग आता?"

"आता बरोबर मागते. कुटुंबाला खोली द्या. नवरा, बायकू, पोरं, म्हातारी, समदी एका दाराच्या आत. लाकडाचा आडोसा घातला तरी चालंल. पर कुलूप घालू नका."

कुलूप लागलं नाही. आडोसे यायला मात्र फार सोमवार गेले. मध्येच आक्कांच्या छातीचं दुखणं वाढलं आणि भावानं त्यांना दुधनीला नेलं. आम्ही खोलीत गेलो त्या दिवशी मुलानं फोन लावून माझ्या हातात दिला. त्यांनी खोली कशी आहे ते विचारलं नाही. "आत कोण कोण हाय?" एवढंच विचारलं. मी चौघांची नावं सांगितली, मग शेजारच्या खोलीतल्यांची, मग त्यापुढच्या. त्या प्रत्येक नावाला "हां" म्हणत होत्या. शेवटी शेवटी तो आवाज फार बारीक झाला होता. त्या परत सोलापूरला आल्या नाहीत. त्यांच्या मातीला आम्ही बसनं गेलो होतो.

आता निवाऱ्यात नवीन कुणी आलं की मला पुढं करतात, समोर बाईमाणूस असलं की येणाऱ्याला बरं वाटतं म्हणून. बाकी काही बोलायला जमत नाही. फक्त विचारते, "तुमी कोण कोण हायसा?" काल एक बाई आली. म्हणाली, "मी, आंधळा सासरा, अन् शेळी." शेळीवर सासऱ्याचा चहा चालतो. शेळीला आत घेता येत नाही म्हणतात, आणि शेळी सोडून ती बाई यायला तयार नाही. तिघं अजून फाटकाबाहेर बसलेत. सोमवारी साहेबांकडं जायचं आहे. बोलावं मलाच लागणार.