थोरलीची बांधावरची फेरी

भिंतीपलीकडे धाकट्या दिराचं नि त्याच्या बायकोचं जुंपलं होतं. थोरली हातातली कढई खाली न ठेवता ऐकत होती.

“वहिनीनं हौसेनं बांधावर लावलं होतं झाड. उपटायची काय घाई होती?”

“बांध मातीचा आहे. मुळं आत गेली की पाणी त्याच वाटेनं घुसतं. जाऊबाईंची हौस व्हायची नि खालची आळी वाहून जायची.”

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. झाडाचं एवढं काही नव्हतं. ओढ्यावर तो बांध होण्याआधी दर पुराला खालची आळी पोरंबाळं, गाद्या, कोंबड्या घेऊन तिच्या उंचावरच्या घरात यायची. ती कुरकुरायची खरी, पण तिला विचारल्यावाचून कुणी पातेलं हलवत नसे. बांधानं पाणी अडवलं, तशी माणसंही यायची थांबली. त्यात बांधाची राखण मिळाली धाकटीला. आता जो तो तिलाच विचारणार, “ताई, पाणी कुठवर आलं?” थोरलीकडे कुणी मीठ मागायलाही फिरकेना.

दुसऱ्या दिवशी ती बांधावर चढली, ती धाकटीची चूक शोधायलाच. उंदराचं एक बीळ सापडलं तेव्हा तिला कोण आनंद झाला. त्यात काठी खोवली, काठीला लाल चिंधी बांधली, म्हणजे साऱ्या आळीला दिसावं. येताना धाकटीच्या दारात थांबली.

“डोळे घरी ठेवून राखण करतेस वाटतं?”

“कुठंय?” धाकटीनं एवढंच विचारलं, घमेलं-फावडं उचललं नि बीळ खणून, माती ठोकून आली.

मग थोरलीला नादच लागला. बीळ सापडलं की जीव गार, नाही सापडलं तर दिवसभर तोंड फुगलेलं. धाकटीही काही कमी नव्हती. हिच्या हाती काही लागू नये म्हणून आधीच बांध धुंडाळून यायची. दोघींच्या चढाओढीत उंदरांचे मात्र हाल झाले.

एका वर्षी पाणी काठोकाठ आलं, पण बांध हलला नाही. लोक धाकटीचं कौतुक करायला लागले, तर ती म्हणाली, “माझं कसलं कौतुक? जाऊबाईंच्या तोंडाला भिऊन करते सगळं.”

हा टोमणा की मान, थोरलीला ठरवता येईना. त्या दिवशी दोन घास जास्त जेवली मात्र.

ज्या दिवशी दुपारी तिनं कायमचे डोळे मिटले, त्या दिवशी सकाळीही ती कण्हत-कुंथत वर जाऊन, काठी खोवून आली. दारात धाकटी चहा गाळत होती.

“डोळे घरीच का गं आजही?”

“कुठंय?”

“खालच्या अंगाला, तुझ्या नाकासमोर,” म्हणाली, आणि चहाला न थांबता घराकडे वळली.