पाणी जातंय कुठे?

आमच्या गल्लीच्या टोकाला एक गॅरेज आहे. त्याच्या मालकिणीला सगळे इस्क्रू म्हणतात. एखाद्या गोष्टीत शिरली की फिरत फिरत आतच जाते, म्हणून वडिलांनीच हे नाव ठेवलं होतं. मी चाळीस वर्षं रंगभूमीवर राण्या उभ्या केल्या, पण कमरेवर हात ठेवून हिच्यासारखं उभं राहणं मला एकाही प्रयोगात जमलं नाही.

माझ्या जुन्या गाडीत कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, कमी झाल्याचा लाल दिवा लागू लागला, तेव्हा मी तिच्याकडे गेले. तिनं टाकीचं टोपण बदललं, कूलंट भरलं. आठवड्यानं दिवा पुन्हा हजर. मग तिनं एक पाईप बदलला. दिवा पुन्हा हजर. तिसऱ्यांदा मी गाडी आत घेतली, तर दारात तिचा मोठा भाऊ उभा. त्याचं टायरचं दुकान आहे आणि वडिलांच्या मागं या गॅरेजचं गोदाम करायचं हे त्याच्या मनात कधीचं आहे. एक जरी गाडी तीनदा परत आली तर शटर खाली, असं त्यानं बहिणीला बजावलेलं. ती गाडी माझीच निघावी!

"मोजतोय मी," तो म्हणाला. "ही तिसरी खेप."

"तुला मोजता येतं, दादा? शाळेत मास्तरांना शंका होती."

"थट्टा पुरे. इंजिन खोलावं लागणार, ते तुझ्या आवाक्यातलं नाही. मावशी, तुम्ही मोठ्या वर्कशॉपला न्या."

"मावशी कुठेही जाणार नाहीत. मावशी, किल्ली."

मी किल्ली दिली. एवढ्या चपळाईनं मी कधी रंगमंचावर प्रवेशसुद्धा केला नव्हता.

इंजिन गार होईपर्यंत ती स्टुलावर बसून राहिली. दादा अस्वस्थ. "उघड की टोपण!"

"गरम टोपण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं. घाई असेल तर तू उघड, मी लांबून बघते."

तासाभरानं तिनं टोपणाच्या जागी हातपंप बसवला आणि टाकीत हवेचा दाब भरला. पंपावरच्या दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा वर गेला आणि हळूहळू घसरू लागला. म्हणजे गळती होती. पण गाडीखाली पसरलेल्या पुठ्ठ्यावर थेंब नाही. तिनं ऑइलची पट्टी ओढून पाहिली. ऑइल स्वच्छ, त्यात पाणी मिसळलेलं नाही. मी गाडी आत आणताना धूरही पांढरा नव्हता.

"इंजिन पाणी पीत नाही, खाली सांडत नाही. मग जातंय कुठे?"

"हवेत!" दादा म्हणाला.

ती गाडीच्या दाराशी गेली आणि थबकली. तिच्या वडिलांचा नियम मला ठाऊक होता: मळक्या कपड्यांनी गिऱ्हाइकाच्या सीटवर बसायचं नाही. बारा वर्षं तिनं तो पाळला. काय असेल ते बॉनेटखाली शोधायचं, नाहीतर गाडीखाली.

तिनं दार उघडलं आणि ग्रीसनं माखलेल्या कपड्यांनिशी आत बसली.

"बाबा असते तर—"

"असते तर त्यांनाही सांगितलं असतं. या नियमापायी मी दोनदा चुकले." तिनं नाक वर केलं. "मावशी, गोड वास कसला हो?"

"मागे माझी रंगपेटी असते ना. त्यात अत्तराच्या बाटल्या आहेत."

"आणि काचेवर आतून वाफ?"

"चालवताना मी जुनी स्वगतं म्हणते गं. श्वास दांडगा लागतो."

तिनं काचेवर बोट फिरवलं. "तुमचा श्वास चिकट नाही, मावशी. हे कूलंट आहे. हे मला आधी नाही का सांगायचं?"

काय सांगणार, मी आपली त्या धुक्याला माझ्या अभिनयाची पावती समजत होते.

तिनं शेजारच्या सीटसमोरच्या गालिच्याखाली हात घातला. हात हिरवा ओला होऊन बाहेर आला. "काचेवर गरम हवा सोडणारा हीटर डॅशबोर्डमागे असतो. त्यात हेच पाणी फिरतं. तो फुटलाय."

"कशावरून?" दादानं विचारलं.

तिनं हीटरकडे जाणारे दोन्ही पाईप काढले, एका नळीनं एकमेकांना जोडले, कूलंट भरलं आणि पुन्हा दाब दिला. "आता हीटर वगळला. पंधरा मिनिटं मोज. मोजायची तुला हौस आहेच."

काटा हलला नाही. पंधरा मिनिटांत दादानं तीनदा वाकून पाहिलं, एकदा घड्याळाच्या काचेवर टिचकीही मारली.

"बरं, या वेळी जमलं," तो म्हणाला. "पण पुढच्या वेळी—"

"पुढच्या वेळीही चुकेन, आणि शोधून काढेन. अट तू घातलीस, दादा. मी हो कधी म्हटलं? काटा पडला असता तरी शटरला हात लावू दिला नसता."

"कुलूप माझ्या नावानं घेतलंय."

"घाल की. करवत माझ्या नावानं आहे. उद्या आठला उघडणार, आणि मावशींना नवा हीटर बसवून देणार."

दादानं मोठ्या आशेनं माझ्याकडे पाहिलं. वडीलधारी बाई, दोन शब्द समजुतीचे बोलेल! मी त्याच्याकडे पाठ फिरवली. ही एक गोष्ट मला अजून उत्तम जमते. शेवटच्या रांगेपर्यंत कळते.

तो गेला. इस्क्रूनं तोवर डॅशबोर्डचा पहिला तुकडा उतरवून माझ्या हातात ठेवला होता.