विहिरीवरच्या चपला

विहिरीच्या कट्ट्यावर पाय ठेवला, तशी वहिनी कडाडली, "भावजी, चपला काढा! प्यायचं पाणी आहे."

काढल्या. वरच्या अंगाला गोठ्याचा उकिरडा पावसात भिजत होता. त्यातून निथळणारं काळं पाणी तिथल्या तिथे मुरत होतं.

"आणि हा उकिरडा, वहिनी?"

"शेणाला कसला विटाळ!"

माझं डोकं फिरलं. माती सगळं गाळून घेते, या भरवशावर आपण निवांत. शेणातले जंतू मात्र भेगांतून, उंदरांच्या बिळांतून थेट झऱ्याला भिडतात. ते चपला घालत नाहीत, म्हणून त्यांना कोणी हटकत नाही.

घरात पुतणी पुन्हा जुलाबाने निपचित पडली होती. तिच्यासाठी वहिनीने दुहेरी फडक्यातून गाळून कळशी भरली. मी ती हिसकावून पालथी केली. बघता बघता पाणी जमिनीत मुरलं, परत विहिरीकडे निघालं.